एका झडपेचे मोल

जपानमधील कारिया येथील आयसिन सेइकी कंपनीच्या कारखान्यास १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे आग लागली, आणि ब्रेकमधील द्रवाचा दाब नियंत्रित करणारी, मुठीत मावेल एवढी जी झडप तेथे तयार होत असे, तिच्यावाचून टोयोटाचे जपानमधील बहुतेक सर्व जुळणी-कारखाने काही दिवसांतच बंद पडले. या झडपेचा जवळजवळ सारा मक्ता, शेकडा ९९ इतका, एकट्या आयसिनकडे होता. आणि गरजेपुरताच माल ऐन वेळी मागविण्याच्या टोयोटाच्या प्रसिद्ध पद्धतीमुळे कोठारात शिल्लक म्हणावी अशी जेमतेमच होती. एकाच पुरवठादारावर एवढी भिस्त ठेवणे ही चूकच होय.

मात्र यापुढील वृत्तांत मला अधिक मोलाचा वाटतो. आयसिनने झडपेचे नकाशे इतरांच्या हवाली केले, आणि ज्यांनी ही वस्तू पूर्वी कधी घडविली नव्हती अशा साठाहून अधिक कंपन्यांनी, ज्यांत शिवणयंत्रांसाठी ख्यातनाम असलेली ब्रदर हीदेखील होती, मोबदल्याची बोलणी मागे ठेवून आपापल्या यंत्रांवर ती घडविण्यास प्रारंभ केला. आठवड्याभरात टोयोटाचे कारखाने पुन्हा सुरू झाले.