किल्लारीनंतरची तीस वर्षं आणि प्रसूतिकक्षातला कागद

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली 52 गावं होत्याची नव्हती झाली. सास्तूरसारख्या गावांत पहिली मदत पोचली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांची. धाराशिवच्या (म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या) आरोग्यसेवेचा मागोवा मला तिथूनच घ्यावासा वाटतो. डॉक्टर येईपर्यंत जवळच्या माणसाने नेमकं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून या जिल्ह्याच्या मानगुटीवर बसला आहे.

याच जिल्ह्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1999 साली दाखवून दिलं, की ठरलेल्या तपासण्या नीट शिकवल्या तर गावची बाई नवजात बाळ वाचवू शकते. 2011 पासून आशाताई दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. ताप, वजन, नाळ, दूध ओढणं तपासून तक्ता भरतात.

2017 च्या अखेरीस आलेल्या केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने हीच शिस्त सरकारी प्रसूतिकक्षात आणली. सुरक्षित प्रसूतीची चेकलिस्ट चार वेळा भरायची: दाखल करताना, जोर लावण्याआधी, जन्मानंतर तासाभरात, घरी सोडताना. पण कागद म्हणजे काम नव्हे. बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिटच हातात असतं. वॉर्मर आधीच तापलेला हवा, दोन कोरडी फडकी हवीत, श्वास देण्याच्या बॅगला बाळाच्या मापाचा मास्क लागलेला हवा. बॅग दाबून हवा येते का, हे सिस्टरने तळहातावर धरून बघायचं असतं. गर्दीच्या रात्री चेकलिस्टवरच्या खुणा प्रसूती उरकल्यावर एकदमच केल्या जातात. त्याचा दोष मी एकट्या सिस्टरला देणार नाही. तीन बाळंतिणींमागे एकच जण असेल तर तिने हात धुवायचे की पेन धरायचं?

अशाच चेकलिस्टच्या उत्तर प्रदेशातल्या 120 केंद्रांवरच्या चाचणीचा निष्कर्ष 2017 मध्ये आला. चेकलिस्ट आणि सोबत मार्गदर्शक दिल्यावर योग्य कृती वाढल्या, मार्गदर्शक गेल्यावर त्यातल्या काही गळाल्या, आणि मृत्यू मात्र घटले नाहीत. औषध, रक्त, हाताशी सर्जन नसेल तर यादी एकटी काय करणार?

धाराशिवकडे आता 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आहे, 2022 पासून जिल्ह्याचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे उमरगा, भूम, परंड्याच्या सिस्टर, मावशी आणि रुग्णवाहिकेच्या चालकांना एकत्र बोलावून, घड्याळ लावून, बाहुल्यावर सराव घ्यावा. दर महिन्याला, आणि रात्रपाळीचाही.