पाण्यावर उतरणारे विमान आणि आपला कांदा



परवा एका गावी बैठकीत कांदाचाळीविषयी बोलत होतो. शेवटी एका आजीबाईंनी विचारले, "साहेब, आमचा कांदा परदेशी जातो म्हणता, तो खातो तरी कोण?" प्रश्न साधा होता. त्यातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट आज सांगतो.

केरळच्या नैर्ऋत्येला हिंदी महासागरात मालदीव हा देश आहे. बेटे सुमारे 1,200. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम एक मीटर उंच, माती वाळूची, गोडे पाणी थोडे. 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा कित्येक बेटांवर शेतात खारे पाणी शिरले. खारवट जमीन म्हणजे काय, हे ज्याच्या शिवारात ती आहे त्याला सांगायला नको. तेव्हा नारळ आणि थोडा भाजीपाला सोडला तर धान्य, साखर, कांदा, सारे बाहेरून आणावे लागते.

मग हा देश जगतो कशावर? मासळीवर आणि पाहुण्यांवर. 1972 मध्ये तिथे पर्यटकांसाठी पहिले विश्रामस्थान उघडले. पुढे दूरदूरच्या बेटांवर हॉटेले झाली. पण दोन-तीनशे मीटर लांबीच्या बेटावर धावपट्टी करणार कुठे? म्हणून पाणी हीच धावपट्टी केली. चाकांच्या जागी नावेसारखे दोन लांब, पोकळ तरंगते बसवलेले विमान वापरतात. रिकामी घागर पाण्यावर का तरंगते, हे पोहायला शिकलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. इथेही तेच तत्त्व. भोवतीच्या प्रवाळाच्या बांधामुळे आतले पाणी शांत असते. तिथे विमान उतरते आणि तरंगत्या फलाटाला दावणीच्या बैलासारखे दोराने बांधतात.

तिथल्या 'ट्रान्स मालदीवियन एअरवेज' या कंपनीकडे अशा विमानांचा जगातला सर्वांत मोठा ताफा आहे. 1989 मध्ये ती हेलिकॉप्टरवर सुरू झाली. तिची 'ट्विन ऑटर' विमाने कॅनडाच्या बनावटीची. एकात साधारण पंधरा पाहुणे बसतात आणि वैमानिक अनवाणीच चालवतो. उड्डाण फक्त दिवसाउजेडी. संध्याकाळी उशिरा आलेल्या पाहुण्याला सकाळची वाट पाहावी लागते.

यात आपण शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, खारे पाणी लोखंड-ॲल्युमिनियम खाते, म्हणून ही विमाने गोड्या पाण्याने धुतात, तरंगत्यांत झिरपलेले पाणी पंपाने काढतात. आणि आपण? फवारणी झाली की पंप तसाच कोपऱ्यात! पुढच्या वेळी नोझल तुंबले की दुकानदाराला बोल लावतो. काम संपताच पंप, नळी, नोझल धुवायची सवय घरात सर्वांना लावा.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. 2020 मध्ये साथीमुळे मालदीवने मार्चअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाहुण्यांना दार बंद केले. आधार एकच, तोच गेला. आपल्याकडेही 2023 च्या डिसेंबरात कांदा निर्यातीवर बंदी आली आणि ती 2024 च्या मे महिन्यात उठली. त्या दिवसांत ज्यांची सारी जमीन कांद्याखाली होती, त्यांचे काय झाले हे तुम्ही पाहिले आहे. त्याच काळात, 2024 च्या एप्रिलमध्ये, आपल्या सरकारने मालदीवला वर्षासाठी 35,749 टन कांदा देण्याची खास परवानगी दिली. त्यांच्या ताटात कांदा हवाच होता, पण भाव ठरवणे ना त्यांच्या हातात, ना तुमच्या.

आपल्या हातात आहे ते आपण करू. कांदा नीट सुकवून, माना वाळल्यावरच कापा. प्रतवारी करून चाळीत भरा, म्हणजे घाईने विकावा लागणार नाही. आणि सारे रान एकाच पिकाखाली आणू नका. थोडी डाळ, थोडा भाजीपाला, दारात एखादी दुभती गाय असू द्या.

आजीबाई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे असे. विमानाने पाहुणा येतो, जहाजाने कांदा जातो. दोघांचीही वाट कधी बंद होईल सांगता येत नाही. म्हणून घरची दुसरी वाट आजच तयार ठेवा.