वॉरेल ते रिचर्ड्‌स : वेस्ट इंडिजचे फलंदाज-कर्णधार

वेस्ट इंडिज या नावाचा देश नाही. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, अँटिगा ही कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा गयाना (तो तर बेटही नाही) यांचा मिळून एक क्रिकेट संघ होतो, इतकेच. १९५८ मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या बऱ्याचशा बेटांचे एक संघराज्य करून पाहिले गेले, ते १९६२ मध्ये मोडले. क्रिकेटचा संघ तेवढा टिकला. त्यामुळे या संघाच्या कर्णधाराला नाणेफेक, क्षेत्ररचना आणि गोलंदाजीतले बदल यांच्या आधी एक काम असे : बार्बाडोसच्या आणि जमैकाच्या खेळाडूला एकमेकांसाठी खेळायला लावणे. १९६० ते १९९१ या काळात ते प्रामुख्याने चार फलंदाजांकडे होते. चौघेही थोर खेळाडू. पण फलंदाज म्हणून त्यांचा जो क्रम लागतो, तो कर्णधार म्हणून लागत नाही.

वेस्ट इंडिजने पहिली कसोटी १९२८ मध्ये खेळली. पुढची तीस वर्षे धावा आणि बळी मुख्यतः काळ्या खेळाडूंचे आणि कर्णधारपद गोऱ्यांचे, असा रिवाज होता. जॉर्ज हेडलीसारख्या फलंदाजालाही १९४८ मध्ये अवघ्या एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले. हा रिवाज मोडण्यासाठी सी. एल. आर. जेम्स या लेखकाने त्रिनिदादच्या ‘द नेशन’ या वृत्तपत्रातून मोहीम चालवली. अखेर १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी फ्रँक वॉरेलची नेमणूक झाली. संपूर्ण मालिकेसाठी नेमला गेलेला तो पहिला काळा कर्णधार. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि फलंदाज म्हणून त्याची भरभराटीची वर्षे सरली होती. वीक्स आणि वॉलकॉट यांच्यासह ‘तीन डब्ल्यूं’पैकी एक, १९५० मध्ये नॉटिंगहॅमला २६१ धावांची खेळी करणारा आणि मँचेस्टर विद्यापीठाची पदवी घेतलेला हा माणूस पैशांवरून मंडळाशी भांडायलाही कचरला नव्हता. ५१ कसोटींत त्याने ३,८६० धावा केल्या, सरासरी ४९.४८.

डिसेंबर १९६० मधल्या ब्रिस्बेन कसोटीत वॉरेलच्या धावा ६५ आणि ६५. शतक गॅरी सोबर्सचे, १३२ धावांचे. पण ही कसोटी लक्षात राहिली ती शेवटच्या षटकासाठी. ऑस्ट्रेलियात तेव्हा षटक आठ चेंडूंचे असे. वेस हॉल ते टाकायला आला तेव्हा ऑस्ट्रेलियाला सहा धावा हव्या होत्या आणि तीन गडी हातात होते. एक गडी झेलबाद झाला, एक सोपा झेल सुटला, एक धावबाद झाला आणि धावसंख्या बरोबरीत आली. सातव्या चेंडूवर जो सॉलोमनने बाजूने, जेमतेम एक यष्टी दिसत असताना चेंडू फेकून ती उडवली. कसोटी क्रिकेटमधला हा पहिला बरोबरीचा सामना. मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली, तरी मेलबर्नच्या रस्त्यांवर लोकांनी निरोपाला गर्दी केली ती पाहुण्यांच्या. या मालिकेपासून दोन्ही संघांतल्या करंडकाला वॉरेलचे नाव मिळाले. आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते. आधीचा कर्णधार जेरी अलेक्झांडर या दौऱ्यावर वॉरेलच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून खेळला आणि संघाच्या फलंदाजीत सरासरीने पहिला आला. पद गेलेला माणूस असा खेळतो, तेव्हा नव्या कर्णधाराबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

१९६२ मध्ये भारताचा ५-० असा पराभव करणारा कर्णधारही वॉरेलच. त्याच दौऱ्यात बार्बाडोसविरुद्ध वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात गेला. त्याला रक्त देणाऱ्यांत चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर यांच्याबरोबर वॉरेलही होता. १९६३ मध्ये इंग्लंडला ३-१ असे हरवून तो निवृत्त झाला. पंधरा कसोटींत नऊ विजय, तीन पराभव, दोन अनिर्णित आणि एक बरोबरी. १९६७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला.

वॉरेलनंतर गॅरी सोबर्स. ९३ कसोटींत ८,०३२ धावा, सरासरी ५७.७८, शिवाय २३५ बळी आणि १०९ झेल. एकविसाव्या वर्षी किंग्स्टनला पाकिस्तानविरुद्ध केलेल्या नाबाद ३६५ धावा छत्तीस वर्षे विक्रम म्हणून टिकल्या. कर्णधारपदाचा त्याच्या बॅटीवर ताण आला नाही. त्या ३९ कसोटींत त्याची सरासरी उलट किंचित वाढलेली, ५८.८० आहे. १९६६ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटींत ७२२ धावा आणि २० बळी ही कामगिरी कर्णधाराची आहे, हे आजही खरे वाटू नये.

तरीही त्या ३९ कसोटींत विजय नऊ आणि पराभव दहा. वॉरेलचे नऊ विजय पंधरा कसोटींतले होते. संघ उतरणीला लागला होता हे खरे, पण त्यातून सगळा उलगडा होत नाही. १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्सने डाव घोषित करून इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावांचे आव्हान दिले. इंग्लंडने ते तीन मिनिटे राखून, सात गडी राखून पार केले आणि तेवढ्या एका विजयावर मालिकाही नेली. घरचे लोक चिडले. खेळ रंगावा म्हणून धोका पत्करण्याची त्याची वृत्ती फलंदाज म्हणून त्याला शोभली. कर्णधार म्हणून ती संघाला महाग पडली. स्वतःला जे सहज जमते ते इतरांनाही जमेल, हा अलौकिक खेळाडूंचा जुना गैरसमज त्याच्या निर्णयांत डोकावतो.

१९७१ ची मालिका मराठी वाचकाला परकी नाही. अजित वाडेकरच्या संघाने वेस्ट इंडिजला प्रथमच हरवले आणि तेही त्यांच्या घरी. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेल्याने फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी होती. मूळच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईच्या २१२ धावांनी ती मिळवून दिली आणि वाडेकरने सोबर्सला फॉलोऑन दिला. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत सलीम दुराणीने लॉईड आणि सोबर्स यांना बाद करून भारताच्या विजयाची वाट मोकळी केली. गावसकरने पदार्पणाच्या या मालिकेत ७७४ धावा केल्या. सोबर्सनेही तीन शतके ठोकली, पण मालिका गेली ती गेलीच.

त्याच्यामागून आलेल्या रोहन कन्हायने १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये २-० असा विजय मिळवला. त्याची कारकीर्द तेरा कसोटींची, दोन कर्णधारांमधला पूल म्हणावी एवढीच.

क्लाइव्ह लॉईडचे मुंबईशी विलक्षण नाते आहे. डिसेंबर १९६६ मध्ये ब्रेबॉर्नवर तो पहिली कसोटी खेळला आणि ८२ व नाबाद ७८ धावा करून गेला. १९७४-७५ मध्ये तो कर्णधार म्हणून आला. पहिल्या दोन कसोटी वेस्ट इंडिजने जिंकल्या, पुढच्या दोन भारताने. निर्णायक पाचवी कसोटी नव्याकोऱ्या वानखेडे स्टेडियमची पहिलीच होती. लॉईडने नाबाद २४२ धावा केल्या. द्विशतकानंतर त्याचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका तरुणाला पोलिसांनी मारल्याने दंगलही झाली. सामना वेस्ट इंडिजने २०१ धावांनी जिंकला. लहानपणी डोळ्याला इजा झाल्यामुळे चष्मा लावणारा, किंचित वाकून चालणारा हा उंच डावखुरा फलंदाज कर्णधार होण्याआधी ३६ कसोटींत ३८.६७ च्या सरासरीने खेळत होता. कर्णधार म्हणून ७४ कसोटींत ती ५१.३० झाली. चौघांपैकी पदाने घडवलेला फलंदाज हा एकच.

१९७५ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातले त्याचे शतक गाजले, पण त्याच वर्षाअखेरीस ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसन जोडीने त्याच्या संघाला ५-१ असे लोळवले. त्यानंतर एप्रिल १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने ४०३ धावांचे आव्हान चार गडी गमावून पेलले. त्या सामन्यात लॉईडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. पुढच्या किंग्स्टन कसोटीत त्याने वेगवान मारा सोडला. अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू आदळला, ब्रिजेश पटेलचे तोंड फुटले, विश्वनाथचे बोट मोडले. भारताचा दुसरा डाव ५ बाद ९७ वर संपला, कारण फलंदाजीला उभे राहणारे कोणी उरले नव्हते. चार वेगवान गोलंदाजांची लॉईडची पद्धत ऑस्ट्रेलियातल्या आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या पराभवांच्या अनुभवातून पक्की झाली.

या पद्धतीवर आक्षेप होतेच. तासाला षटके कमी पडत आणि उसळत्या चेंडूंचा भडिमार होई. असा मारा हाती असल्यावर कर्णधाराने करायचे काय, असेही विचारले गेले. प्रश्न वरवरचा आहे. रॉबर्ट्‌स अँटिगाचा, होल्डिंग जमैकाचा, गार्नर आणि मार्शल बार्बाडोसचे. त्यांना एका माळेत ओवणे आणि केरी पॅकरच्या खासगी क्रिकेट मालिकेतून आलेल्या डेनिस वेट या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाच्या कडक व्यायामाला जुंपणे हे काम गोलंदाजांनी आपोआप केले नव्हते. १९७८ मध्ये पॅकरच्या खेळाडूंना वगळल्यावर लॉईडने पदाचा राजीनामा दिला, हेही त्याच हिशेबातले. १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या १८३ धावांपुढे संघ १४० वर आटोपल्यावर तो पुन्हा पद सोडायला निघाला होता. समजूत घातली गेली, तो राहिला आणि त्याच हिवाळ्यात भारताला भारतात ३-० असे हरवून परतला. १९८४ मध्ये सलग अकरा कसोटी जिंकल्या. एकूण ७४ पैकी विजय ३६, पराभव १२.

व्हिव्ह रिचर्ड्‌सकडे पद आले ते १९८५ मध्ये, अशा भरल्या घराचे. हेल्मेट न घालता, च्युइंगम चघळत मैदानात येणारा हा अँटिगाचा फलंदाज १९७६ च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींत ८२९ धावा करून आधीच दंतकथा झाला होता. वंशभेदी दक्षिण आफ्रिकेच्या बंडखोर दौऱ्यासाठी देऊ केलेला भरभक्कम पैसा त्याने नाकारला होता. एप्रिल १९८६ मध्ये घरच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्याने ५६ चेंडूंत शतक केले. तेव्हा तो कर्णधार होता. पण पन्नास कसोटींच्या कर्णधारपदात त्याची सरासरी ४५.११ वर उतरली. वयही उतरत होते, म्हणून सगळा दोष पदाला देता येत नाही. १९८७-८८ मध्ये दिल्लीला २७६ धावांचा पाठलाग त्याने नाबाद १०९ धावा करून पुरा केला. मद्रासला मात्र नवख्या नरेंद्र हिरवाणीने १६ बळी घेऊन मालिका १-१ अशी सोडवली. ५० कसोटींत २७ विजय, ८ पराभव. एकही मालिका न हरलेला हा कर्णधार १९९१ मध्ये ओव्हलवर शेवटच्या डावात ६० धावा करून निवृत्त झाला. कारकिर्दीची सरासरी पन्नासच्या वर राहायला त्यातल्या वीस धावा लागणार होत्या.

१९८० मधल्या न्यूझीलंड दौऱ्यानंतर वेस्ट इंडिजने पंधरा वर्षे मालिका गमावली नाही. मे १९९५ मध्ये किंग्स्टनला स्टीव्ह वॉच्या २०० आणि मार्क वॉच्या १२६ धावांनी रिची रिचर्डसनचा संघ डावाने हरला आणि १९७८ पासून कॅरिबियन बेटांत असलेला फ्रँक वॉरेल करंडक मार्क टेलरच्या ऑस्ट्रेलियन संघाने जिंकून नेला.