विषाइतकाच द्रावकही महत्त्वाचा

कीटकनाशकाच्या बाटलीवर '30 टक्के ईसी' असे छापलेले असते. मग उरलेले सत्तर टक्के काय? त्यात मुख्यतः तेलकट द्रावक आणि तो पाण्यात मिसळावा म्हणून घातलेला साबणासारखा पदार्थ असतो. म्हणूनच असे औषध पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होते.

द्रावक म्हणजे नुसता वाहक, त्याचा काय त्रास, असे आपण समजतो. प्रयोगशाळेत मात्र असे गृहीत धरून चालत नाही. डीडीटीसारखी अनेक प्रदूषके पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचा पेशींवरील परिणाम तपासावयाचा तर ती आधी डीएमएसओ, अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवावी लागतात. डीएमएसओ पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते. त्याची मात्रा वाढली तर तेच पेशी मारते; कधी उलट विषाचा परिणाम झाकूनही टाकते. म्हणून पेशींच्या तीन बश्या ठेवतात. पहिलीत काहीच घालत नाहीत, दुसरीत नुसता द्रावक, तिसरीत तितक्याच द्रावकात विरघळवलेले विष. पहिली व दुसरी यांतील फरक द्रावकाचा. दुसरी व तिसरी यांची तुलना केली की विषाचा परिणाम कळतो. शिवाय द्रावक हजारात एक भागाच्या आसपासच ठेवण्याकडे कल असतो.

शेतातील बाटलीत तो इतका थोडा नसतो. एडिनबर्गचे डॉ. मायकेल एडल्स्टन व सहकाऱ्यांनी 2012 साली डायमेथोएटचे प्रयोग लहान जातीच्या डुकरांवर प्रसिद्ध केले. शुद्ध डायमेथोएटपेक्षा सायक्लोहेक्झॅनोन या द्रावकासह बनवलेले औषध कितीतरी अधिक घातक ठरले.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा आलापल्ली-अहेरी भागातील शेतकरी बंधूंनी एवढे पाळावे. न मिसळलेले औषध सर्वांत धोक्याचे. ते मोजताना हातमोजे घालावेत, हाताने ढवळू नये. अंगावर सांडल्यास कपडे ताबडतोब काढून साबणाने धुवावे. कोणी औषध प्यायल्यास उलटी करवू नये, कारण तेलकट द्रावक फुप्फुसात गेल्यास न्यूमोनिया होतो. विनाविलंब दवाखाना गाठावा आणि बाटली लेबलासह सोबत न्यावी. अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन डायमेथोएटसारख्या विषावर चालते. द्रावकाला तसा उतारा नाही. म्हणून बाटलीत काय काय होते, हे डॉक्टरांना कळणे अगत्याचे आहे.