माग आहेत, हात कोठे?

विदर्भाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव, पवनी यांसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या कलेचा हा रास्त गौरव होय. मात्र मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. साडी विणणारा हात त्यातून निर्माण होत नाही. आज या ग्रामीण धंद्यापुढील सर्वांत बिकट प्रश्न हा हाताचाच आहे.

या विणकामाला लागणारे कौशल्य चार दिवसांत येणारे नाही. साडीचे अंग टसरचे, म्हणजे विदर्भाच्या बोलीत कोशाचे. अंगासाठी एक व दोन्ही काठांसाठी दोन असे तीन धोटे विणकराला चालवावे लागतात आणि काठाचा बाणा अंगाच्या बाण्यात अडकवीत करवतीचे दाते उमटवावे लागतात. पूर्वी हे शिक्षण घरातच होई. लहानपणी मुले कांड्या भरीत, पुढे वडिलांशेजारी मागावर बसत. शिकण्याच्या काळातील तोटा कुटुंबच सोशीत असे. मुले शाळेत जाऊ लागली, हे इष्टच झाले. परंतु घराने सोडलेली शिक्षकाची जागा दुसऱ्या कोणी घेतली नाही.

तरुणांना कष्ट नकोत, असा आरोप सर्रास केला जातो. तो अन्यायाचा आहे. हाच तरुण बुटीबोरीच्या कारखान्यात पाळ्यांचे काम करतोच. तेथे महिन्याचा पगार ठरलेला असतो. मागावर मजुरी नगावर मिळते आणि शिकाऊ हाताचा नग लवकर उतरत नाही. या हिशेबात त्याने कारखाना निवडला, तर दोष कोणाचा?

शासनाने हातमागाकडे पाठ फिरविली, असेही म्हणता येत नाही. नागपुरात विणकर सेवा केंद्र आहे. २०१७ साली मंजूर झालेल्या ‘समर्थ’ योजनेत हातमागाच्या प्रशिक्षणाचा अंतर्भाव आहे. परंतु अल्प मुदतीच्या वर्गातून करवतकाठीचा विणकर घडणे कठीण. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले व चार ते एकोणतीस कामगारांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक ठेवले. घरात दोन माग चालविणारा विणकर या चौकटीच्या बाहेरच राहतो. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार आदी अठरा व्यवसाय आले. त्यांत हातमाग विणकर नाही.

उपाय अवघड नाही. अनुभवी विणकराचा माग हीच शाळा मानावी. शिकणाऱ्यास किमान दोन वर्षे विद्यावेतन द्यावे आणि शिकविणाऱ्यास त्याच्या बुडालेल्या वेळेचे मानधन. हा खर्च उपकार नव्हे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी समाज जो भार उचलतो, त्याच जातीचा तो आहे. मुलींनाही या मागांवर समान स्थान मिळाले पाहिजे.

यंत्र बिघडले तर नवे आणता येते. परंतु शेवटचा जाणता विणकर मागावरून उठला, तर त्याच्या बोटांतील विद्या कोणत्याही प्रमाणपत्रावरून वाचून काढता येणार नाही. मानांकनाची चौकट भिंतीवर राहील आणि तिच्याखालचा माग मुका होईल. तसे होऊ द्यावयाचे नसेल, तर शिकविणारे हयात आहेत तोवरच ही व्यवस्था उभी राहिली पाहिजे.