पूर्ण एक मिनिट

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'धकाधकीच्या जीवनातील विसावा' या विषयावर काही लिहावे, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात होतो. निरोप अर्थातच मोबाईलवर आला आणि 'कृपया त्वरित कळवावे' अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती! विसाव्याविषयी लिहिण्याचा आम्हा डॉक्टरांचा अधिकार तसा बेताचाच. प्राणायाम, प्रवास, बागकाम यांविषयी आपल्यातील इतर व्यवसायबंधू माझ्याहून चांगले लिहितील. मी लिहिणार आहे ते एका मिनिटाविषयी.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस मी बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. सयाजी रुग्णालयाच्या वॉर्डात आम्हाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना, विद्यार्थ्याने पंधरा सेकंद नाडी मोजून चाराने गुणलेले मुळीच खपत नसे. "गुणाकार प्राथमिक शाळेत झाला ना? इथे नाडी मोजायची," असे ते म्हणत. स्वतः ते रुग्णाचा हात हातात घेत, मनगटावरील घड्याळाकडे पाहत आणि पूर्ण साठ सेकंद एक अक्षरही बोलत नसत. तेवढा वेळ आम्ही दहाबारा जण या पायावरून त्या पायावर भार देत उभे. त्या वयात आम्हाला तो वेळेचा अपव्यय वाटे.

त्याचे मर्म पुढे कळले. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण त्या काळी वॉर्डात पुष्कळ असत. अशांपैकी अनेकांना ॲट्रियल फिब्रिलेशन होते. त्यात कोणतेही दोन ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत, काही ठोके तर मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे पंधरा सेकंदांचा हिशेब हमखास चुकतो. शिवाय त्या साठ सेकंदांत हाताचे तापमान, नखांचा रंग, बोटांचा कंप, श्वासाची लय, हे सारे न मागता समोर येते.

इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ साली नाडीच्या घड्याळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सेकंदकाटा तोपर्यंत सर्रास रुळलेला नव्हता, म्हणून त्याने बरोबर एक मिनिट चालेल असे घड्याळ मुद्दाम करवून घेतले होते. वैद्याने रुग्णाचा हात धरून एक मिनिट थांबावे, एवढ्यासाठी एक यंत्र घडवले गेले याचे मला फार अप्रूप वाटते. आज आपल्या खिशातील यंत्र नेमके उलटे काम करते.

१९८३ साली मी रावपुऱ्यात दवाखाना थाटला. दूरध्वनीच्या जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. रात्री-अपरात्री रुग्णाचा मुलगा सायकलवर येऊन दार ठोठावी आणि मी स्कूटर काढी. दुपारी एक ते पाच दवाखाना बंद म्हणजे बंदच असे. जुने ते सारे सोने, असे मात्र मी म्हणणार नाही. निरोप वेळेवर न पोहोचल्यामुळे दगावलेले रुग्ण मला आठवतात. पुढे मोबाईल आला, २००३ पासून येणारे कॉल फुकट झाले आणि बडोद्यातील प्रत्येक घर माझ्या खिशात येऊन बसले. तेव्हा मला ते भूषणावह वाटले. 'डॉक्टर केव्हाही फोन उचलतात' हा लौकिक मी आनंदाने मिरवला. मग व्हॉट्सॲप आले. तपासण्यांचे अहवाल, पुरळाची छायाचित्रे, सुप्रभात, शाळूसोबत्यांचे विनोद, सोसायटीतील पाण्याच्या टाकीचा वाद, सारे एकाच खिडकीतून येऊ लागले. त्यातील तातडीचे कोणते हे पाहण्यासाठी सर्वच पाहणे भाग पडले.

२०१८ च्या नवरात्रातील गोष्ट. दांडिया बाजारातील एक सेवानिवृत्त शिक्षिका तपासणीसाठी आल्या. मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला गणित शिकवले होते, त्यामुळे आमच्या घरात त्या सर्वांच्याच 'बाई'. रक्तदाब पाहून झाला आणि मी त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तसं विशेष काही नाही, पण मधूनच..." एवढ्यात खिशातला फोन थरथरला. माझी नजर तिकडे गेली. सोसायटीतील गरब्याचे ध्वनिवर्धक किती वाजता बंद करायचे यावर गटात चर्चा पेटली होती. मी वर पाहिले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "राहू दे, तुमचं काम आधी." मी पंधरा सेकंद नाडी मोजली, चाराने गुणले, जुनीच औषधे पुन्हा लिहून दिली. त्यांचे वाक्य पूर्ण करून घेण्याचे मला सुचले नाही.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. रुग्णालयातील ईसीजीत ॲट्रियल फिब्रिलेशन होते. या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तो पुष्कळच कमी करता येतो, हे आपणापैकी कोणालाही मी सांगायला नको. त्या दिवशी त्यांच्या नाडीत हा दोष होता की नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशी अनियमितता येते आणि जाते. पूर्ण मिनिट मोजूनही कदाचित ती सापडली नसती. परंतु मी पूर्ण मिनिट मोजली नव्हती, एवढे मला ठाऊक आहे. बाईंच्या मुलाला हे मी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. त्याने डॉक्टर बदलला नाही, याचे ओझे मला अधिक वाटते.

त्यानंतर मी काही वाचन केले. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ साली ७४ भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात डॉक्टर रुग्णाचे पहिले निवेदन सरासरी अठरा सेकंदांत तोडत असल्याचे आढळले होते, आणि तेव्हा तर खिशात फोनही नव्हता! याउलट २००२ साली स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी मध्ये न बोलता नुसते ऐकून पाहिले. रुग्णांचे बोलणे सरासरी ९२ सेकंदांत आपोआप संपले. 'ऐकत बसलो तर ओपीडी रात्रीपर्यंत चालेल' ही आपली भीती म्हणजे अवघ्या दीड मिनिटाची भीती आहे.

आता माझा मोबाईल सकाळी दहा ते एक कंपाउंडरच्या टेबलाच्या खणात असतो. खरोखर निकड असणारा माणूस दवाखान्याच्या जुन्या दूरध्वनीवर बोलतो आणि कंपाउंडर दार ढकलून आत येतो. तसा तो आठवड्यातून फार तर दोनदा येतो. हे सारे सहज जमले, असा आव मी आणत नाही. पहिले काही महिने हात आपसूक रिकाम्या खिशाकडे जाई. 'डॉक्टर आता फोन घेत नाहीत' म्हणून दोन कुटुंबे दुसरीकडे गेली. त्यातील एक तीस वर्षांचे होते, त्याचे वाईट वाटले. २०२० च्या टाळेबंदीत तर हाच फोन माझा दवाखाना झाला आणि त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. तेव्हा महिनोन्‌महिने एकाही रुग्णाचा हात हातात घेता आला नाही.

बाई दर महिन्याला येतात, मुलाचा हात धरून, पाय किंचित ओढत. वाचा थोडी परतली आहे. एकेका शब्दासाठी त्यांना थांबावे लागते. मध्येच शब्द पुरवलेला त्यांना आवडत नाही, त्या मान हलवून तो परत करतात. एकदा धीर करून मी विचारले, "बाई, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होता?" त्यांनी पुष्कळ विचार केला आणि म्हणाल्या, "आठवत... नाही."

मोजदाद मात्र त्यांच्या जिभेवर शाबूत आहे. वाचा गेलेल्यांना अंक, वार, पाठ असलेली स्तोत्रे पुष्कळदा म्हणता येतात, तसेच हे. मी नाडी धरली की भिंतीवरील घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत त्या ओठांतल्या ओठांत मोजू लागतात. माझे ठोके, त्यांचे सेकंद. गेल्या खेपेस मी अठ्ठ्याहत्तरावर पोहोचलो तेव्हा त्या स्पष्ट आवाजात "साठ" म्हणाल्या, आणि मी हात खाली ठेवला.