महाराजपूरची शून्य सावली
शाळेत खगोल शिकवायचा म्हटला की दुर्बिणीच्या खर्चाची चर्चा सुरू होते. जबलपूरजवळच्या महाराजपूरला काठी पुरते. कर्कवृत्त इथून जेमतेम पाव अंश उत्तरेला आहे, त्यामुळे 13 जून आणि 30 जूनच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साधारण बारा वाजून दहा मिनिटे झालेली असतात. भारतीय प्रमाणवेळ पूर्वेकडच्या 82.5 अंश रेखांशाची, जबलपूर 80 च्या जवळ. जूनअखेरची तारीख बहुधा ढगच खातात, म्हणून पहिली साधावी.

खरी गंमत नागपूरच्या शाळेला फोन लावण्यात आहे. त्याच दिवशी तिथे मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली साडेतीन सेंटिमीटर पडते, तीही दक्षिणेकडे! म्हणजे सुमारे दोन अंशांचा फरक. दोन्ही शहरांतले दक्षिणोत्तर अंतर सुमारे 225 किलोमीटर. दोन अंश म्हणजे 360 अंशांच्या वर्तुळाचा 180 वा भाग, म्हणून या अंतराला 180 ने गुणले की पृथ्वीचा परीघ 40,500 किलोमीटर येतो. प्रत्यक्षात तो 40,000 च्या आसपास आहे. ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये हेच केले, आणि जगभरच्या शाळा आजही एकमेकींशी सावल्या ताडून पाहतात.